कानशीचे दात

गाड्या हँडल मारून सुरू व्हायच्या, त्या काळातली एक जीप होती. उन्हानं तिच्या स्टिअरिंगला भेगा पडल्या होत्या. दर दसऱ्याला मालक जुन्या कव्हरवर नवं कव्हर चढवायचा, झेंडूचा हार घालायचा, की झालं!

एकदा भर घाटात स्टिअरिंगचा टवका ड्रायव्हरच्या हातात आला. तेव्हा कुठे ते इसाकमिस्त्रींकडे पोचलं. मिस्त्रींनी सगळी कव्हरं टराटरा फाडली आणि भेगेत कानस घातली.

"अगं, भेग बुजवायला आलीस की वाढवायला?" स्टिअरिंग कळवळलं.

"आत मळ आहे. मळावर लांबीचा लेप धरत नाही," कानस म्हणाली.

"मळ नाही गं, इतक्या वर्षांच्या हातांचा घाम आहे तो. राहू दे ना. जीव थकलाय माझा."

कानस कोरत राहिली. आतलं लोखंड दिसलं, तेव्हाच थांबली. मग मिस्त्रींनी लांबी भरली, वाळल्यावर घासली, काळा रंग दिला.

रंग वाळताना स्टिअरिंगला दिसलं, की तो सगळा मळ कानशीच्या दातांत अडकलाय आणि मिस्त्री तारेच्या ब्रशनं तिला खरवडतायत.

"तुलाही दुखतं?" त्यानं हळूच विचारलं.

"रोजच," कानस म्हणाली. "पण पुढच्या भेगेत मळक्या दातांनी कशी जाऊ?"