कोल्ह्याची तीन वाक्ये

डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात, ओढ्याकाठच्या उंबरावर एक म्हातारा वानर राहत असे. भुवया पिकल्या होत्या, उडी आखूड झाली होती, हट्ट मात्र तरुणपणीचाच होता. रोज सकाळी उंबराची पहिली कोवळी डहाळी तो स्वतः तोडी आणि खालच्या पांढऱ्या दगडाशेजारी टाकी. झाडाखाली ठिपक्यांच्या हरणांचा कळप चरत असे. बाकीची पडलेली पाने त्यांनी खुशाल खावीत, पण या डहाळीला तोंड लावायचे नाही. एखादे नवे पाडस तिकडे वळले, की म्हातारा वरून असा खेकसे की बिचारे आईच्या मागे जाऊन लपे.

वानर आणि हरणे यांचा तिथे जुना शेजार होता. वानरांनी शेंड्यावरून पाहायचे, हरणांनी खालून वास घ्यायचा, आणि बिबट्याची चाहूल ज्याला आधी लागेल त्याने ओरडायचे. शेंड्यावरच्या पहाऱ्याच्या पाळ्या ठरलेल्या असत. पहिली पाळी करण्याआधी टोळीतल्या वाढत्या पोरांना म्हाताऱ्यापुढे हजर व्हावे लागे. मुलांनो, तो त्यांना काय शिकवत असेल? चढणे नव्हे आणि उड्याही नव्हेत. तो वाळक्या गवताची झुबकेदार शेपटी मागे लावी, मान तिरकी करी आणि चक्क कोल्हा होई!

"ये की रे खाली," तो मधाळ आवाजात म्हणे. "सगळेच घेतात, एका घोटानं काय होतंय? की अजून आईच्या पोटाला चिकटून असतोस? पलीकडची टोळी तुला भित्रा म्हणते, ऐकून घेणार आहेस?"

पोरांनी "नाही" म्हणायचे, पाठ फिरवायची आणि एक फांदी वर चढायचे. एवढाच धडा. पण पोरे हमखास चुकत. कुणी भित्रा म्हणणाऱ्या तिसऱ्या वाक्याला चिडून थेट म्हाताऱ्याच्या अंगावर धावून जाई, तर कुणी तावातावाने वाद घालत बसे. मग म्हातारा गवताची शेपटी फेकून कपाळावर हात मारी.

"अरे, वाद घालण्यात तो तुझ्या दहा पावलं पुढे आहे! आणि चिडलास तरी तू त्याचाच झालास. नाही म्हण आणि वर चढ. चल, पुन्हा."

यंदाच्या पोरांत एक नकटी पोर होती. वयाने सर्वांत लहान आणि चौकशा करण्यात सर्वांत पुढे. तिने विचारले, "आजोबा, तुम्हाला कोल्ह्याचा आवाज इतका हुबेहूब कसा जमतो?"

म्हाताऱ्याने गवताची शेपटी काढून बाजूला ठेवली. पलीकडे मोहाची फुले टपटप गळत होती आणि तो जुना गोडसर वास उंबरापर्यंत येत होता. त्या वासाने त्याला दरवर्षी असेच होई. छाती भरून येई आणि डोळेही.

त्याच्या लहानपणी हा वास म्हणजे सण होता. त्याचा एक जिवलग मित्र होता, एक हरीण. दोघे एकाच ऋतूत जन्मलेले. सकाळी उठल्याबरोबर हा मोहाची ताजी फुले आणि उंबराची कोवळी पाने वरून टाकी, मित्र खालून मान उंचावून ओरडे, "अजून टाक, कंजूष!" हा मुद्दाम डहाळी त्याच्या शिंगांत अडकेल अशी फेकी. मग तो डोके झाडत गोल गोल धावे आणि हा फांदीवर पोट धरून हसे. दमला की मित्र त्या पांढऱ्या दगडाशेजारी बसे. किती साधे दिवस होते ते! इतके सुख पुन्हा कधी वाट्याला आले नाही, असे म्हाताऱ्याला आजही वाटे.

मग एका चैत्रात ओढ्यापलीकडून कोल्हा आला. कातळात एक खळगा होता. त्यात मोहाची फुले साचून, आंबून पाणी नशा आणणारे झाले होते. "घे, फुकट आहे," कोल्हा म्हणाला, आणि मग त्या तीन वाक्यांतली पहिली दोन बोलला. पहिल्या वाक्याला वानराने पाणी हुंगले, दुसऱ्याला चाखले. त्या ऋतूत तो रोज खळग्यावर जाऊ लागला. सकाळची पाने टाकायचे राहून जाई. मित्र झाडाखाली वाट पाहून निघून जाई. एकदा मित्र खळग्यापर्यंत आला आणि म्हणाला, "चल ना घरी." तर यानेच त्याला दगड मारला. दगड लागला कपाळाला. तरी मित्र दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडाखाली हजर होता.

आणि एका संध्याकाळी, याची पहाऱ्याची पाळी असताना, कोल्ह्याने खालून तिसरे वाक्य टाकले. हा खाली उतरला, घोटांवर घोट घेतले आणि डोळे लाल करून पलीकडच्या टोळीला धडा शिकवायला ओढा ओलांडून गेला. इकडे शेंडा रिकामा होता. हरणे निर्धास्तपणे पाण्यावर आली. वानर तिथे आहे ना, मग भ्यायचे कशाला? बिबट्याने झडप घातली ती त्याच्या मित्रावर.

हा धडपडत परतला तेव्हा बिबट्या पोट भरून निघून गेला होता. आणि उरलेले मांस चघळत कोण बसले होते? कोल्हा! वानराकडे पाहून तो मिशीतल्या मिशीत हसला. फुकट का देत होता, ते वानराला तेव्हा कळले. पण आता कळून काय उपयोग होता?

म्हाताऱ्याने हे सारे पोरांना सांगितले. मित्राला मारलेल्या दगडाचीही गोष्ट लपवली नाही. "म्हणून मला तो आवाज जमतो, पोरी," तो म्हणाला. "एक अख्खा ऋतू मी त्याच्याजवळ बसलो होतो."

पोरे पांगली. नकटी मात्र बराच वेळ त्या पांढऱ्या दगडाकडे बघत राहिली.

चार दिवसांनी तिची पहिली पाळी आली. ऊन नुकतेच पानांवर उतरले होते. म्हातारा खालच्या फांदीवर पेंगत होता. एवढ्यात झुडपातून एक तरणाबांड कोल्हा बाहेर आला आणि मान तिरकी करून म्हणाला, "ये की गं खाली. सगळेच घेतात, एका घोटानं काय होतंय? की अजून आईच्या पोटाला..."

नकटी खदखदून हसली. "अय्या! आमचे आजोबा हे तुझ्यापेक्षा छान म्हणतात!"

कोल्हा गोंधळला. पुढचे वाक्यच विसरला बिचारा. तेवढ्यात नकटीच्या मनात दुसरे काहीतरी चमकले. तिचे हसू थांबले. कोल्हा लाडीगोडी लावायला आला आहे, म्हणजे त्याचे जेवण वाढणारा जवळच असणार! "नाही," ती म्हणाली, पाठ फिरवली आणि सरसर शेंड्यावर चढली. ओढ्याकाठच्या गवतात पिवळे अंग दबून सरकत होते.

"खाँक्! खाँक्!"

तिच्या ओरडण्याने जंगल दुमदुमले. शेपट्या उभारून हरणे चौखूर उधळली. बिबट्याची झेप रिकाम्या वाळूत पडली आणि कोल्हा त्या दिवशी उपाशी राहिला.

थोड्या वेळाने कळप परत आला. एक पाडस धापा टाकत नेमके त्या पांढऱ्या दगडाशेजारी जाऊन बसले आणि सकाळची डहाळी कुरतडू लागले. त्याची आई घाबरून वर पाहू लागली. आता म्हातारा खेकसणार!

म्हातारा खेकसला नाही. तो पाडसाकडे बघत राहिला आणि त्याचे डोळे वाहू लागले. "खा, बाळा," तो हलकेच म्हणाला. मग त्याने आणखी एक डहाळी तोडली आणि नेम धरून पाडसाच्या डोक्यावर टाकली. पाडस डोके झाडत गोल गोल धावू लागले, तसा म्हातारा कितीतरी वर्षांनी पोट धरून हसला.

तात्पर्य : नशा फुकट वाटणारा आणि भांडणाला चिथावणारा आपला मित्र नसतो. त्याच्याशी वाद न घालता "नाही" म्हणून वेळीच पाठ फिरवावी. कारण आपल्या भरवशावर निर्धास्त असलेले कुणीतरी खाली उभे असते.