डाव्या कुशीवर

“मग आता तरी झालं म्हणाल की नाही, अक्का?”

सिद्धलिंगानं लॅपटॉप पुढं धरला आणि वाट बघत उभा राहिला.

गौराक्का सुपात ज्वारी निवडत बसल्या होत्या. हिरण्यकेशीच्या काठचा तो मठ त्यांच्याच शब्दावर चालायचा. मान वर न करता त्यांनी विचारलं, “काय झालं?”

“स्क्रीन फिरते.”

“फिरव की.”

त्यानं झाकण पार मागं वळवून बुडाला चिकटवलं. लॅपटॉपची पाटी झाली. ती त्यानं आडवी धरली, उभी धरली, उलटी धरली. कशीही धरली तरी वरची अक्षरं वळून सरळ उभी राहायची.

“आत एक सेन्सर असतो. जमीन कुठं आहे ते त्याला कळतं. आणि अशी पाटी केली की मागं गेलेली बटणं आपोआप मुकी होतात. नाहीतर हाताखाली दाबली जाऊन भलतंच उमटायचं. बेळगावातले मित्र म्हणत होते, जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घातलंस तर ह्यातलं काही चालायचं नाही. चालवून दाखवलं.”

शेवटचे दोन शब्द त्यानं जरा लांबवले.

पोरगा हुशार होता, त्यात वाद नाही. पण बेंदराला शिंगं रंगवलेल्या बैलासारखा चालायचा. मठात येऊन त्याला वर्ष होत आलं होतं आणि अक्कांच्या तोंडून ‘झालं’ हा शब्द त्यानं अजून ऐकला नव्हता. अंगण झाडलं तरी ‘अजून’. भाकरी थापल्या तरी ‘अजून’. आज मात्र त्याला खात्री होती.

अक्कांनी लॅपटॉपच्या कडेला बोट लावलं. “हे बटण कशाचं?”

“ते होय… स्क्रीन फिरू नये, आहे तशी थांबावी, म्हणून असतं ते. ते तेवढं चालत नाही. मी नादाला लागलो नाही त्याच्या. एवढं मरमर करून फिरवायला शिकवलं, आता थांबवायचंय कुणाला?”

अक्कांनी सूप बाजूला ठेवलं.

“चल. अप्पांना दाखव.”

अप्पा मठातले जुने प्रवचनकार. त्यांचा आवाज नदीपलीकडं जायचा. धुणं धुणाऱ्या बाया हातातलं धुणं तसंच धरून ऐकत बसायच्या. श्रावणात त्यांना झटका आला. डावं अंग गेलं, जीभ लुळी पडली. पाठीला जखमा झाल्या म्हणून उताणं निजवायचं नाही. उजव्या कुशीवर करावं तर चालता हात अंगाखाली जाणार. म्हणून तेव्हापासून डाव्या कुशीवर, ते आजपर्यंत.

डोकं शाबूत होतं. तीच तर पीडा. उजवा हात उचलून काहीतरी दाखवायचे. कुणी पाणी पाजायचं, कुणी पांघरूण ओढायचं. मग अप्पा डोळे मिटून घ्यायचे.

स्क्रीनवरच्या अक्षरांवर बोट टेकून त्यांना बोलता यावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता.

खोलीच्या एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला भिंत. खाट भिंतीजवळ. मठात कुणी समाधीकडं पाय करून निजत नाही. त्यामुळं अप्पांचं उसं थोरल्या स्वामींच्या समाधीकडं आणि पाय उलटीकडं. तसं डाव्या कुशीवर निजवल्यावर तोंड येतं भिंतीकडं. सिद्धलिंगानं पोट आत ओढलं, खाट आणि भिंतीच्या मधल्या फटीत शिरला आणि पाटी अप्पांसमोर धरली.

“अप्पा, बोला आता. काय पाहिजे ते बोला.”

अप्पांनी बोट उचललं. उभ्या माणसाला ती अक्षरं सरळ दिसली असती. निजलेल्या अप्पांना ती आडवी दिसत होती.

“थांबा हं.” त्यानं पाटी अप्पांच्या चेहऱ्यासारखी कलती केली. अक्षरं लगेच वळली. पुन्हा अप्पांना आडवी.

त्यानं आणखी कलवली. अक्षरं आणखी वळली.

अप्पांचं बोट हवेत थरथरलं, भलत्याच अक्षरावर पडलं. मग हात पांघरुणावर आला. डोळे मिटले.

“सवय नाही त्यांना,” सिद्धलिंग म्हणाला. “होईल हळूहळू.”

अक्कांनी कोपऱ्यातली चटई ओढली आणि फटीत, त्याच्या पायांपाशी टाकली.

“नीज.”

“मी?”

“तू. डाव्या कुशीवर. ह्यांच्यासारखा.”

तो निजला. कान चटईला टेकला. अक्कांनी पाटी घेतली आणि त्याच्या डोळ्यांपुढं त्याच्या चेहऱ्यासारखी कलती धरली. अक्षरं फिरली. त्यानं मान वाकडी केली.

“मान हलवू नको. त्यांची हलते काय?”

त्यानं मान सोडली. अक्षर ओळखायचं म्हणजे डोळ्यांनी डोंगर चढायचा. त्यात हात कापरा असता तर…

“जमीन कुठं आहे?” अक्कांनी विचारलं.

“खाली.”

“आणि डोकं?”

…

सिद्धलिंगानं चटईला टेकलेल्या कानाला हात लावला. मग उठला, पाटी घेतली आणि निघून गेला. दुपारच्या पंगतीला आला नाही. अक्कांनी त्याच्या वाटची भाकरी झाकून ठेवली. कुणाला हाक मारायला पाठवलं नाही.

दिवेलागणीला तो आला. शिंगांचा रंग पार उडाला होता. फटीत शिरून त्यानं पाटी अप्पांच्या चेहऱ्यासारखी कलती केली, बोटानं अक्षरं अप्पांच्या डोळ्यांजोगी केली आणि कडेचं बटण दाबलं. मग पाटी हलवून बघितली. अक्षरं जागची हलली नाहीत.

झालं, असं तो म्हणाला नाही.

अप्पांनी डोळे उघडले. बघत राहिले. बोट उचललं, कापत कापत टेकवलं. एक अक्षर. दुसरं.

दार.

“गार वारं येतंय होय?” सिद्धलिंग फटीतून बाहेर धडपडला आणि त्यानं दार लावलं.

अप्पांनी पांघरुणावर हात आपटला. एकदा, पुन्हा एकदा.

“तुझा कान कुठं आहे रे?” अक्का म्हणाल्या. “उघड ते. त्यांचं बोलणं संपू दे.”

त्यानं दार उघडलं, परत फटीत आला. बोट पुन्हा निघालं. बाहेर गुरं घरी आली, त्यांच्या घंटा वाजून थांबल्या, तरी बोट चाललंच होतं. चुकलं. पुसलं. पुन्हा टेकलं.

बघायचंय.

सिद्धलिंगानं दाराकडं बघितलं. दाराबाहेर अंगण, अंगणापलीकडं नदी. सगळं अप्पांच्या पाठीमागं.

श्रावणापासून वर होणारा तो हात त्याला आठवला. त्यानंही किती वेळा पाणी पाजलं होतं.

“सरक,” अक्का म्हणाल्या.

त्या फटीत आल्या. सकाळची चटई तिथंच होती. गुडघ्यांवर हात देत त्या बसल्या आणि डाव्या कुशीवर निजल्या. समोर भिंत. चुन्याचे पोपडे. एक खिळा, त्याला काहीच टांगलेलं नाही.

अक्का निजून राहिल्या…

सिद्धलिंगाला वाटलं, हाक मारावी. मारली नाही.

बऱ्याच वेळानं त्या उठल्या. पदराला चुना लागला होता, तो त्यांनी झटकला नाही.

“खाट फिरवायची.”

सिद्धलिंग चपापला. “अक्का… पाय समाधीकडं होतील.”

“होतील.”

“खाट अशी लावा म्हणून तुम्हीच…”

तो मधेच थांबला. अप्पा पाटीवरून नजर काढून अक्कांकडं बघत होते.

अक्कांनी पदर खोचला.

“पाटी ठेव खाली. तू उशाकडनं उचल. पायथ्याला मी आहे.”