दारावरची पाटी

धारपसाहेबांना टापटिपीचं भारी वेड. कंपनीने सर्वांना खुल्या केलेल्या चाळीस सॉफ्टवेअरच्या वापराच्या अटी सांगणाऱ्या परवाना-फायली त्यांना एका साच्यात हव्या होत्या.

"सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची नावं काढा. कुठे एक, कुठे सात, गबाळं दिसतं. आज झालं नाही, तर उद्या येऊ नका."

हुकूम त्या फायली सांभाळणाऱ्या रेवतीला होता. लिहिणाऱ्यांची नावं राखणं, हीच तर परवान्याची अट होती.

चहानंतर साहेब केबिनपाशी थबकले. दारावर नुसतं कंपनीचं नाव. "माझी पाटी कुणी काढली? वीस वर्षं झिजलोय इथे."

"मी काढली, सर." रेवती म्हणाली. "सगळी दारं एका साच्यात केली. कुणाचं नाव लांब, कुणाचं छोटं, गबाळं दिसत होतं."

साहेबांनी दारावरच्या कंपनीच्या नावावरून बोट फिरवलं.

"पाटी लावा," ते म्हणाले, "आणि त्या फायलींना हात लावू नका."