नीलव्वाचे हाल

राजे तुळाजीराव शेणात पडले, यात शेणाचा काहीच दोष नव्हता. मिशांना पीळ देत महाराज आभाळाकडे बघत चालले होते आणि नीलव्वा गवळणीची म्हैस नुकतीच रस्त्यात आपलं काम उरकून उभी होती.

आधी वास उठला, मग महाराज उठले.

"म्हैस जप्त करा! आणि उद्या भर दरबारात या गवळणीला फटके! असे हाल करीन हिचे, की कुत्रा खाणार नाही!"

नीलव्वानं घाबरून म्हशीचं दावं घट्ट धरलं. घर त्या एका म्हशीवर चालायचं. पण तिची जीभ काही तिच्याएवढी भित्री नव्हती.

"आणि कुत्र्यानं खाल्ले तर, सरकार?"

महाराज खदाखदा हसले. "माझ्या बहादूरनं तुझे हाल खाल्ले, तर फटके माफ! म्हैस परत, वर हे सोन्याचं कडंही तुझं!"

दुसऱ्या दिवशी नीलव्वानं दरबारात महाराजांच्या शिकारी कुत्र्यापुढे, बहादूरपुढे, एक वाडगं ठेवलं.

"हे तर दूध! हाल कुठायत?" महाराजांनी विचारलं.

"हेच की, सरकार! मी वेशीपलीकडची, कानडी मुलखातली. आमच्यात दुधाला हालु म्हणतात!"

बहादूरची लपलप सुरू झाली.

"खातोय कुठे? पितोय तो!" महाराज ओरडले.

"म्हणून तर भाकरी कुस्करलीय त्यात!"

बहादूरनं भाकरी संपवली, वाडगंही चाटलं. दरबारी मिशीत हसू लागले. महाराज लालबुंद झाले.

"कानडी कावा चालणार नाही! माझ्या दरबारात हाल म्हणजे हालच! छळ!"

"असं होय? मग हे उत्तरेकडचे मुनशीजी रोज सकाळी 'हुजूर, क्या हाल है?' म्हणतात, ते काय, महाराजांचा छळ कुठवर आला म्हणून विचारतात? त्यांना आधी फटके मारा की!"

"तौबा, तौबा!" मुनशीजींनी कान धरले. "हुजूर, आमच्याकडे हाल म्हणजे नुसती खुशाली!"

"घ्या! त्यांच्या वाट्याला खुशाली, आमच्या वाट्याला दूध. छळ तेवढा तुमच्याच पदरात पडला, सरकार!"

महाराजांच्या मिशा थरथरल्या. राग की हसू, कुणाला कळेना.

"मुनशी," ते गुरगुरले, "आज आमचे हाल नाही विचारलेत?"

मुनशीजींनी घाईघाईनं नीलव्वाकडे पाहिलं.

"मी सांगते की!" नीलव्वानं पदर नाकाला लावला. "कालच्यापेक्षा बरे आहेत, पण अजून जरा वास येतोय!"

महाराज इतके हसले, इतके हसले, की हातातलं कडं काढायलाही त्यांना मुनशीजींची मदत लागली.