पाद्याची घागर

फार पूर्वी, त्रेतायुगाच्या आरंभी, शुभ्रजला नदीच्या तीरावर अर्घ्यवती नावाची सुवर्णकलशांनी झळकणारी नगरी होती. तिच्या पहिल्या राजाने वरुणदेवापुढे प्रतिज्ञा केली, "माझ्या महाद्वारी ज्याचे पाय धुतले जातील, त्याचे रक्षण मी प्राण देऊनही करीन." वरुण प्रसन्न होऊन म्हणाला, "ही प्रतिज्ञा अभंग असेतो शुभ्रजला आटणार नाही." तेव्हापासून महाद्वारात पाद्याची, म्हणजे पाय धुण्याच्या पाण्याची, तांब्याची घागर भरलेली असे.

त्याच वंशात धृतव्रत राजा झाला. त्याच्या काळी करालाक्ष असुराने उत्तरेचे गोमेदवन जाळले आणि तिथले तीनशे विणकर अर्घ्यवतीच्या द्वाराशी आले. पुढे होती वृद्ध अरणी, तिच्या खांद्यावर भार टाकून तिची गरोदर लेक दूर्वा. असुर दोन दिवसांच्या वाटेवर होता.

मंत्री कुशलमती राजाला म्हणाला, "महाराज, प्रतिज्ञा पाय धुतलेल्यांसाठी आहे. पाय केव्हा धुवावेत, हे तिच्यात कुठे आहे?"

राजा दुष्ट नव्हता. त्याने नकार दिला नाही, होकारही दिला नाही. तो गप्प राहिला. दरबाराला तेवढी आज्ञा पुरली.

"घागर रिकामी आहे, आजी. उद्या या," द्वारपाल म्हणाला.

"अरे, नदी समोर वाहतेय! आण इकडे, मी भरते."

"तुम्ही भरलेलं चालत नाही. ते नुसतं पाणी. पाद्याला पुरोहितांचा हात लागतो."

"मग बोलाव की त्यांना!"

"ते घागर भरायची वाट बघतायत."

तटबंदीवरचे नागरिक हसले. दुसऱ्या दिवशीही हेच घडले. एक घागर! एवढेच हवे होते.

तिसऱ्या सकाळी द्वाराबाहेरून आक्रोश उठला. राजाला ते ऐकवेना. त्याने स्वतः घागर भरली आणि तो धावत निघाला. पण द्वार उघडेपर्यंत असुर माणसांना बांधून घेऊन गेला होता. मागे धूर होता, आणि निश्चल दूर्वेचे डोके मांडीवर घेऊन बसलेली अरणी.

राजा गुडघ्यांवर बसला. अरणीने पाय आखडून घेतले.

"ठेव तिथंच," ती म्हणाली. "लेकीला काल तहान लागली होती."

तेव्हा नदीतून वरुण प्रकटला. राजा म्हणाला, "देवा, मला शाप दे."

"शाप कशाला? प्रतिज्ञेचे एक अक्षरही तू मोडलेले नाहीस, राजन्. मीही माझे अक्षर पाळीन. शुभ्रजला आटणार नाही. मात्र ती इथेच वाहील, असे मी म्हणालो नव्हतो."

आणि नदीने कूस बदलली. डोळ्यांदेखत पात्र कोरडे पडले.

चाळीस दिवस चालून, धुळीने माखलेले अर्घ्यवतीचे लोक नदीच्या नव्या काठावर पोचले. तिथे असुराच्या तावडीतून निसटलेल्या उरल्यासुरल्या विणकरांच्या झोपड्या होत्या. अरणी पाणी घेऊन बाहेर आली. तिने राजाला ओळखले.

"आई, मी..."

"आधी पाय पुढे कर."

राजाला पाऊल उचलवेना. शेवटी तिनेच ते ओढून घेतले आणि धुतले. ती एक शब्दही बोलली नाही. राजाला ते मरेपर्यंत पुरले.

त्या काठावर आजही आधी पाय धुतात, नाव मागाहून विचारतात. आणि अर्घ्यवतीच्या ओसाड द्वाराबाहेर ती तांब्याची घागर अजून काठोकाठ भरलेली आहे. तिच्यातले पाणी शुभ्रजलेचे, म्हणून वरुणाच्या वचनामुळे ते आटत नाही. ते कोणाच्या पायांवर मात्र कधीच पडले नाही.