घंगाळातली नाव

एका राज्यात कनकलेखा नावाची राजकन्या होती. शूर होती, मायाळू होती, पण धीर म्हणाल तर नावालाही नाही! खोगीर आवळायच्या आत घोड्याला टाच मारायची आणि धपकन खाली यायची. लोक हसत, तीही हसे. मग एके दिवशी सगळ्यांचेच हसू पळाले.

राजा नुकताच वारला होता. गादीवर बसायचा होता तिचा धाकटा भाऊ इंद्रसेन. धूमकर्ण मांत्रिक आला आणि राज्य मागू लागला. इंद्रसेन म्हणाला, “मिळणार नाही.” धूमकर्णाने त्याला अंगठ्याएवढा केला आणि तांब्याच्या घंगाळात, मधोमध दगडावर उभा केला. घंगाळातले पाणी आपोआप चढू लागले.

“पाण्याला हात किंवा दोर लागला, तर भाऊ दगड होईल,” धूमकर्ण म्हणाला. “तुझ्या हातची नाव त्याला काठाला आणील तरच सुटका. तीन नावा कर. चौथी नाही.”

कनकलेखेने सागाच्या ढलप्या घेतल्या, भराभर तासल्या, जोडल्या आणि नाव पाण्यात सोडली. सांध्यांतून पाणी शिरले. नाव बुडाली.

खिडकीत साळुंकी बसली होती. त्या राज्यात साळुंक्या बोलत. ती म्हणाली, “फटींत कापूस ठास. वरून राळ लाव.”

दुसरी नाव तशी केली. पण राळ वाळेपर्यंत थांबणार कोण? ओलीच सोडली. अर्ध्या वाटेत राळ सुटली, नाव तळाला गेली. पाणी इंद्रसेनाच्या कमरेला लागले.

तिसरी नाव झाली. राळ लावून झाली.

“बोट टेकव,” साळुंकी म्हणाली. “ठसा उमटला?”

“उमटला.”

“मग थांब.”

“पाणी छातीला आले, राजकन्ये,” धूमकर्ण चौरंगावरून म्हणाला. “सोड की!”

“अक्का, लवकर!” इंद्रसेन ओरडला.

अहो, काय झाले असेल त्या बहिणीच्या जिवाचे! हात नावेकडे धावत होते. तिने ते मांडीखाली दाबले. डोळ्यांतून पाणी वाहत होते, तरी ती म्हणाली, “इंद्रा, मी इथेच आहे. टाचा उंच कर. माझ्याकडे बघ.”

पाणी गळ्याला आले. तिने बोट टेकवले. ठसा उमटला नाही.

तिने नाव अलगद सोडली आणि फुंकर घातली. जोराची नव्हे, हळू, लांब. नाव इंद्रसेनाजवळ पोचली. इंद्रसेन झेप घेणार, तोच ती म्हणाली, “झेपावलास तर उलटेल. आधी एक हात. आता दुसरा. आता गुडघा.”

तो चढला. ती फुंकत राहिली आणि नाव पलीकडच्या काठाला टेकली.

त्या क्षणी इंद्रसेन पूर्वीएवढा झाला, घंगाळ कलंडले, आणि मंत्र उलटून अंगठ्याएवढा झालेला धूमकर्ण पाण्याबरोबर मोरीतून वाहून गेला.

प्रधान धावत आले. “महाराज, मुहूर्त टळतो आहे! सिंहासनावर चला!”

इंद्रसेनाचे दात वाजत होते. कनकलेखेने त्याला जवळ घेतले, पदराने त्याचे केस पुसू लागली.

“मुहूर्त थांबेल, प्रधानजी,” ती म्हणाली. “आधी त्याच्या अंगात ऊब येऊ दे.”

आणि सगळे राज्य दाराबाहेर उभे राहिले.