हैबतीचा नगारा

त्या राज्यात तीन वर्षांपासून कुणी स्वस्थ बसले नव्हते. राज्य लहान होते, हाडासारख्या कठीण तटाने वेढलेले. तटावर हैबती नावाचा पहारेकरी असे. संकट दिसले की नगारा वाजवायचा, एवढेच त्याचे काम.

एका दुपारी त्याला डुलकी लागली आणि नेमका त्याच वेळी वणवा आला. नगारा उशिरा वाजला. खालची पेठ जळाली, तिच्यात हैबतीचा सख्खा भाऊ गेला. तेव्हापासून हैबतीने डोळा मिटला नाही. धूळ उडाली की नगारा, गाय हंबरली की नगारा. पुढे पुढे काहीच दिसत नाही, म्हणूनही तो वाजवू लागला.

नगारा वाजला की शेताबागांचे पाणी तोडून खंदकात सोडायचे, असा तिथला नियम होता. कारभारी त्र्यंबकपंत शहाणे होते. ते जिना चढून वर जात. "हैबती, अरे ती नुसती वावटळ आहे," म्हणत. हैबती थांबे. पण दिवसातून चाळीसदा जिना चढून पंतांचे गुडघे गेले. मग ते खालूनच हाक मारू लागले आणि ती वरपर्यंत पोहोचेना.

आधी सुकली ती चिमाबाईची बाग. राज्यात उगवलेल्या प्रत्येक दिवसाचे तिथे एक रोप होते आणि कुठले रोप कुठल्या दिवसाचे, हे तिलाच ठाऊक. एकदा पंतांनी विचारले, "मागच्या पाडव्याचं कुठलं गं?" ती वाळक्या काड्यांत बराच वेळ फिरली. "होतं इथंच कुठंतरी," म्हणाली आणि मातीत बसली.

हळूहळू बाजार उघडेना. चुली पेटेनात. तटाच्या दर्शनी बाजूचे दोन पडदे दिवसभर खालीच राहू लागले. नगारा वाजला तरी कुणी मान वर करीना.

अखेर पंतांनी बाहेरून पाण्याच्या पाटांची जाणकार सोनूबाई बोलावली. ती रोज सकाळी पाटात चिमूटभर पांढरी पूड सोडी. "महिना-दीड महिना काही दिसायचं नाही. धीर धरा," एवढेच म्हणाली. दुपारी ती तटावर जाऊन बसे. तिने नगारा काढून घेतला नाही.

एके दिवशी तिने विचारले, "आत्ता काय दिसतंय?"

"धूळ."

"आणि धुळीत?"

हैबतीने प्रथमच नीट पाहिले. "काही नाही." उचललेली टिपरी तशीच राहिली. ती खाली ठेवून तो म्हणाला, "माझा भाऊ गेला, बाई." आणि गुडघ्यांत डोके घालून रडला. त्या दिवशी नगारा वाजला नाही.

पाणी बागेकडे वळले. काही रोपांना कोंब आले, पुष्कळांना आले नाहीत. चिमाबाई एका मोकळ्या आळ्यापाशी थांबली. "हे आता येणार नाही," म्हणाली आणि पुढच्या आळ्याला पाणी घालू लागली.

मग एका सकाळी दर्शनी बाजूचे ते दोन जड पडदे सावकाश वर गेले. बाहेर उन्हाची तिरीप होती, चुरगळलेली चादर होती आणि पलंगाशी धाकटी बहीण उभी होती. रोज विचारायची तसेच तिने विचारले, "ताई, चहा ठेवू?"

पडद्यांच्या कडेने पाणी उशीवर ओघळले. कितीतरी महिन्यांनी त्या राज्यातून एक शब्द बाहेर गेला.

"ठेव."